डॅफ्नी या नावाचा अर्थ काय? ते आलं कुठून?

डॅफ्नी हे ग्रीक नाव, अर्थ लॉरेलचं झाड. ग्रीक पुराणकथेतली डॅफ्नी नदीदेव पेनिअसची मुलगी. रानात शिकार करत हिंडणारी, लग्नाला साफ नकार देणारी. अपोलो देव मागे लागला तेव्हा ती जीव तोडून पळाली आणि आता हाती लागणार, तेवढ्यात तिने वडिलांचा धावा केला. त्यांनी तिचं लॉरेलचं झाड केलं. रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात शिल्पकार बर्निनीचं संगमरवरी शिल्प आहे (१६२२–२५), त्यात तिच्या बोटांतून पानं फुटताना दिसतात. फोटो तरी जरूर बघा! प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फीच्या स्पर्धांत विजेत्यांना लॉरेलच्याच पानांचा मुकुट घालत. आपलं तमालपत्र त्याच कुळातलं, पण झाड वेगळं. मला तिचा ठाम नकार फार आवडतो. मुलीसाठी नाव शोधत असाल तर खुशाल ठेवा.