लिनक्सवर प्रिंटर जोडताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

संगणकावर उबंटू किंवा लिनक्स मिंट (ही लिनक्सची ‘वितरणे’, म्हणजे बसवण्याजोगे तयार संच) बसवले, बाकी सारे सुरळीत झाले, पण घोडे अडले ते प्रिंटरपाशी, अशा आशयाची पत्रे नागपुरातील वाचकांकडून सातत्याने येत आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. आज्ञा आणि प्रोग्रामांची नावे येथे देवनागरीत छापली असली, तरी आज्ञा संगणकावर रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टंकाव्यात.

प्रश्न : महालात माझे टंकलेखन आणि झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट बसवून घेतले. एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर यादीत आपोआप दिसू लागला. मात्र काम पाठवले की ते रांगेत जाते, ‘पूर्ण झाले’ असे दाखवते आणि कागद जागचा हलत नाही. प्रिंटरसोबत आलेली सीडी येथे चालत नाही. ड्रायव्हर कोठून डाउनलोड करावा?

उत्तर : ती सीडी विंडोजसाठीची आहे, तिचा येथे उपयोग नाही. लिनक्सवरील छपाईचा कारभार कप्स नावाची प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनी तिचे काम १९९७ मध्ये हाती घेतले आणि १९९९ मध्ये ती लोकांसमोर आली. २००७ मध्ये ॲपलने तिची मालकी घेतली, आणि लिनक्सवर चालणाऱ्या आवृत्तीची निगा आता ओपनप्रिंटिंग हा गट राखतो. आपण दिलेले पान घेऊन ते प्रिंटरला कळेल अशा भाषेत मांडणे हे ड्रायव्हरचे काम असते, आणि बहुसंख्य प्रिंटरांचे ड्रायव्हर वितरणाच्या स्वतःच्या भांडारातच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्यातच, असल्यामुळे संकेतस्थळे धुंडाळण्याची गरज सहसा पडत नाही. एचपीच्या प्रिंटरांसाठी एचपीएलआयपी हा संच असतो आणि तो मिंटमध्ये बहुधा आधीपासून बसवलेला असतो.

आपल्या प्रिंटरची अडचण मात्र ड्रायव्हरच्या पलीकडची आहे. या मॉडेलमध्ये फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आत चालणारा त्याचा स्वतःचा प्रोग्राम, कायमचे साठवून ठेवण्याची सोय नाही. प्रिंटर बंद केला की ते पुसले जाते आणि पुन्हा सुरू केल्यावर संगणकाने ते नव्याने पाठवावे लागते. विंडोजवर हे काम पडद्याआड होत असल्याने आपल्या कधी लक्षात आले नसेल. लिनक्सवर त्यासाठी एचपीचा एक वेगळा प्लगइन, म्हणजे पुरवणी प्रोग्राम, लागतो. तो मुक्त स्रोत नसल्यामुळे वितरणासोबत दिला जात नाही, तर परवान्याला संमती देऊन वापरणाऱ्याने स्वतः उतरवून घ्यायचा असतो. फर्मवेअर पोहोचलेच नाही, तर संगणकाने आपले काम केलेले असते आणि प्रिंटरला त्यातले काहीच कळलेले नसते. रांगेत ‘पूर्ण’ आणि कागद जागच्या जागी, हा आपला अनुभव त्यातूनच आलेला दिसतो.

प्रथम ‘प्रिंटर्स’ या खिडकीतून आपोआप जोडली गेलेली नोंद काढून टाकावी. इंटरनेट सुरू आहे याची खात्री करून, प्रिंटर यूएसबीने थेट जोडावा, मधे हब ठेवू नये. मग टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून ‘एचपी-सेटअप’ ही आज्ञा द्यावी. नावाच्या मधली आडवी रेघ विसरू नये. खिडकी उघडलीच नाही, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘एचपीएलआयपी-जीयूआय’ हे पॅकेज बसवावे. पुढच्या टप्प्यात प्लगइन उतरवण्याची परवानगी आणि आपला पासवर्ड मागितला जाईल, तो द्यावा. हाताने प्रिंटर जोडायचा झाल्यास ड्रायव्हरांच्या यादीत याच मॉडेलच्या पुढे दोन पर्याय दिसू शकतात. एकात ‘फू२झेडजेएस’ असे असते, तर दुसऱ्यात ‘एचपीकप्स’ आणि त्यापुढे प्लगइन आवश्यक असल्याची सूचना असते. दोन्ही एकाच वेळी बसवून गोंधळ वाढवू नये. प्लगइन घेतला असेल, तर दुसरा पर्याय निवडावा.

एक गोष्ट दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगी आहे. प्लगइनची आणि एचपीएलआयपीची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. मिंट अद्ययावत करताना एचपीएलआयपी बदलले, की काल चालणारा प्रिंटर आज गप्प बसतो, आणि माणूस केबल, कार्ट्रिज, फळीवरची धूळ या सगळ्यांवर संशय घेत बसतो. अशा वेळी ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा देऊन नवा प्लगइन घ्यावा. पी१००७ आणि पी१००८ या मॉडेलांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाजवळ मी वकिलांसाठी टंकलेखन करतो. उबंटूवर लिब्रेऑफिसमधून छापले असता ए-फोर कागदावर तळाच्या एक-दोन ओळी कापल्या जातात आणि लीगल कागदावर तर सगळाच मजकूर सरकतो. ड्रायव्हर सदोष आहे का?

उत्तर : ड्रायव्हरला दोष देण्याआधी कागदाचे माप तपासावे. उबंटू बसवताना भाषा म्हणून अमेरिकेची इंग्रजी निवडली गेली असेल, तर छपाईचे मूळ माप ‘लेटर’ धरले जाते. लेटर २१६ × २७९ मिलिमीटर असतो आणि ए-फोर २१० × २९७. म्हणजे आपला ए-फोर कागद अठरा मिलिमीटरने अधिक उंच, आणि प्रिंटरला ते ठाऊकच नाही. आपल्या एक-दोन ओळी त्याच फटीत जातात. प्रादेशिक स्वरूप ‘भारत’ करावे आणि ‘प्रिंटर्स’मध्ये प्रिंटरच्या गुणधर्मांत जाऊन कागदाचे मूळ माप ए-फोर ठेवावे. नंतर लिब्रेऑफिसच्या पान-शैलीतील (पेज स्टाइल) माप आणि छपाईच्या खिडकीतील माप, ही दोन्हीही त्याच्याशी जुळतात का ते पाहावे. तिन्हींपैकी एक जरी वेगळे राहिले, तरी एखादा प्रोग्राम मजकूर मुकाट्याने आक्रसून छापतो आणि समासाचे गणित कोलमडते.

लीगलची गोष्ट निराळी. संगणक ज्याला लीगल म्हणतो तो २१६ × ३५६ मिलिमीटरचा असतो. आपल्याकडे लीगल किंवा एफएस (फुलस्केप) म्हणून मिळणारा कागद अनेकदा त्याहून आखूड भरतो. रीममधील एक कागद पट्टीने मोजावा आणि तेच आकडे पान-शैलीत स्वतःचे माप म्हणून भरावेत. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये स्वतःचे माप देण्याची सोय नसेल, तर लीगल ठेवून, कागद जितका आखूड तितका तळाचा समास वाढवावा. अर्जाच्या छपाईला ते पुरते.

प्रश्न : इतवारीत आमचा किराण्याचा ठोक व्यापार आहे. एप्सन एलएक्स-३१० हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. जुन्या बिलाच्या प्रोग्राममधून इंग्रजी बिल झरझर निघत असे. आता लिनक्सवर लिब्रेऑफिसमधून मराठी बिल काढतो, तर प्रत्येक ओळीला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक ताटकळते. वेगवान ड्रायव्हर मिळेल का?

उत्तर : या पत्रातील अडचण मोठी गमतीची आहे, आणि ड्रायव्हर बदलून ती पूर्णपणे सुटणारी नाही. जुना प्रोग्राम प्रिंटरला केवळ अक्षरांचे संकेत पाठवत असे. रोमन अक्षरांचे आकार प्रिंटरच्या पोटातच असल्यामुळे ‘टी’ असा संकेत मिळताच तो ‘टी’ उमटवून मोकळा होई. देवनागरीचे आकार त्याच्याकडे नाहीत. जोडाक्षरे, मात्रा आणि वेलांट्या कशा बसवायच्या याचे ज्ञान तर मुळीच नाही. म्हणून संगणक आधी संपूर्ण बिलाचे चित्र तयार करतो आणि ड्रायव्हर ते चित्र ठिपक्यांच्या आडव्या पट्ट्यांत तोडून पाठवतो. नऊ पिनांचे हेड कागदावरून एका वेळी एकच अरुंद पट्टी ओढू शकते. लिब्रेऑफिसमधून इंग्रजी बिल काढले, तरी तेही याच मार्गाने जाते, त्यामुळे तेही पूर्वीच्या वेगाने निघणार नाही.

तरीही बराच फरक पाडता येतो. प्रिंटर जोडताना निर्माता एप्सन निवडून ‘९-पिन सीरीज’ हा कप्सचा स्वतःचा ड्रायव्हर घ्यावा. त्याच्या पर्यायांत ठिपक्यांची घनता तीन प्रकारची मिळते : २४० × ७२, १२० × ७२ आणि ६० × ७२. घनता जितकी जास्त तितका वेळ जास्त. साठ घेतल्यास बिल भरभर निघेल, पण अनुस्वार आणि रफार ओळखू येणार नाहीत आणि ‘तूर’ की ‘तुर’ हे गिऱ्हाईकाने ठरवावे लागेल. आमच्या मते १२० × ७२ हा व्यवहारी पर्याय आहे. टंक जाड आणि साधा घ्यावा, आकार बारा बिंदूंपेक्षा लहान नसावा, आणि बिलात रंगीत पट्टे, चौकटींची दाट जाळी किंवा दुकानाचे चिन्ह घालू नये, कारण कोऱ्या जागेवर हेडला राबावे लागत नाही, रेघांवर मात्र राबावे लागते. अर्ध्या पानाचे सलग कागद वापरत असाल, तर कागदाची उंचीही नेमकी भरावी. अन्यथा प्रत्येक बिलानंतर फाडण्याची रेघ थोडी थोडी सरकत जाईल. नुसत्या इंग्रजी आकड्यांची यादी हवी असेल, तर साधी टेक्स्ट फाइल करून ‘एलपी’ या आज्ञेला ‘रॉ’ हा पर्याय द्यावा. मग ती ड्रायव्हरला वळसा घालून थेट प्रिंटरकडे जाते आणि जुना वेग परत मिळतो.

प्रश्न : कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणे शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, सुखाचे नाही. हा प्रिंटर कॅप्ट नावाची कॅननची खासगी भाषा बोलतो. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला आहे, परंतु तो बंदिस्त असून त्याला ३२-बिटच्या जुन्या ग्रंथालय-फायली लागतात, आणि ‘सीसीपीडी’ नावाची एक सेवा पाठीमागे सतत चालू ठेवावी लागते. नव्या वितरणांवर ही जुळणी अनेकदा विस्कटते. स्वयंसेवकांनी प्रिंटरचे वर्तन अभ्यासून लिहिलेला ‘कॅप्टड्रायव्हर’ हा मुक्त पर्याय हे मॉडेल ओळखतो, मात्र तो मूळ कोडपासून (सोर्स) स्वतः बांधून घेण्याची तयारी हवी. टर्मिनलची सवय नसेल, तर या प्रिंटरसाठी कार्यालयात एक विंडोज संगणक राहू द्यावा आणि लिनक्सवरून पीडीएफ करून तेथे पाठवावी, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

प्रश्न : प्रिंटर जोडताना पासवर्ड वारंवार मागितला जातो आणि बरोबर दिला तरी स्वीकारला जात नाही.

उत्तर : आपले खाते ‘एलपीॲडमिन’ या गटात नसावे. संगणकावर नंतर उघडलेल्या साध्या खात्यांच्या बाबतीत असे होते. व्यवस्थापकाच्या खात्यातून ‘युजर्स ॲन्ड ग्रुप्स’मध्ये जाऊन आपले खाते त्या गटात घालून घ्यावे आणि एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे.

प्रश्न : एप्रिलमध्ये लिनक्स बसवले. तेव्हापासून लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकतो किंवा दोन-दोन कागद ओढले जातात. विंडोजवर असे होत नव्हते.

उत्तर : कागद ओढण्याचे काम रबरी रोलर करतात, ड्रायव्हर नव्हे. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणावरून माहितीचे पान काढून पाहावे. तेही अडकले, तर लिनक्स निर्दोष ठरते. एप्रिल हा महिना मात्र लक्षात घेण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे त्याच सुमारास कूलर सुरू होतात. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा उघड्या रीमला लागली, की कागद दमट होतो आणि प्रिंटरच्या तापलेल्या भागातून जाताना वळतो. प्रिंटर कूलरच्या झोतासमोर ठेवू नये, आणि लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये घालून उरलेली रीम वेष्टनात बंद ठेवावी. ड्रायव्हरशी संबंध असलेली गोष्ट एकच : कागदाच्या प्रकारात चुकून ‘जाड’ निवडलेले असेल, तर प्रिंटर जास्त तापतो आणि साधा कागद अधिकच वळतो, तेथे ‘साधा’ ठेवावे.

प्रश्न : घरासाठी नवा प्रिंटर सीताबर्डीतून घ्यायचा आहे. लिनक्सवर चालेल याची खात्री कशी करावी?

उत्तर : आता ड्रायव्हर न लागणारे प्रिंटर मिळतात आणि घ्यायचा तर तसाच घ्यावा. खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया या ड्रायव्हरविना छपाईच्या पद्धतींचा उल्लेख आहे का ते पाहावे. असा प्रिंटर आपली क्षमता संगणकाला स्वतः सांगतो, आणि उबंटू व मिंटच्या अलीकडच्या आवृत्त्या त्याला वाय-फायवरून कोणताही ड्रायव्हर न बसवता वापरू शकतात. ‘आयपीपी-यूएसबी’ या पॅकेजमुळे अशांतील अनेक प्रिंटर यूएसबीवरही तसेच चालतात, आणि स्कॅनरही बहुधा चालतो. केवळ यूएसबी असलेल्या सर्वांत स्वस्त मॉडेलांत ही सोय सहसा नसते. तेथे वाचवलेले पैसे पुढे डोकेदुखीत जातात. एप्सनच्या एल मालिकेतील अनेक शाईटाकी प्रिंटरांसाठी ‘ईएससीपीआर’ आणि ब्रदरच्या बऱ्याच कृष्णधवल लेझर प्रिंटरांसाठी ‘बीआरलेझर’ हे मुक्त ड्रायव्हर भांडारात असतात, त्यामुळे तेही विचारात घेण्यास हरकत नाही.

दुकानात जाताना मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (संगणकात न बसवताच मिंट चालवणारा) सोबत न्यावा आणि तेथील संगणकावर तो चालवून चाचणीचे एक पान काढून दाखवण्याची विनंती करावी. दुकानदार तयार नसेल, तर मॉडेलचे नाव ओपनप्रिंटिंगच्या यादीत पाहूनच पैसे द्यावेत. नाव शेवटच्या अक्षरापर्यंत पाहावे आणि पावतीवरही तसेच लिहून घ्यावे, कारण नावाच्या शेपटीला ‘डब्ल्यू’ आहे की नाही यावर बऱ्याचदा त्यात वाय-फाय आहे की नाही हे ठरते.