लिहिल्यावर जास्तच रडू येतं, मग लिहू की नको?

“मॅडम, लिहिलं की मन मोकळं होतं म्हणतात. मी दोन वर्षं लिहितेय, पण लिहिल्यावर जास्तच रडू येतं. बंद करू का?”

हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. या वेळी विचारणाऱ्या ताई चाळिशीच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पिशवीतून त्यांनी सात वह्या काढल्या. दोनशे पानी, शाळकरी मुलांच्या असतात तशी खाकी कव्हरं घातलेल्या.

आई गेली तेव्हा ताई हॉस्पिटलमध्ये नव्हत्या. अंघोळीला म्हणून घरी आल्या आणि तासाभरात फोन आला. तेव्हापासून रोज रात्री सगळं आवरलं की पावणेबाराला वही. मग दोन-अडीचपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

वह्या मी वाचल्या नाहीत. त्यांनाच म्हटलं, कुठलीही तीन पानं उघडा आणि मोठ्यानं वाचा. “मीच गेले. मलाच कळायला हवं होतं. माझंच चुकलं.” पानं तीन वेगवेगळ्या महिन्यांतली. तिसऱ्यावर त्या थांबल्या. “हे तेच तेच आहे ना?”

त्या ‘च’कडे मी त्यांचं लक्ष वेधलं. मराठीत हे एक अक्षर माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू शकतं.

जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी अशा वेळी सांगते. विद्यार्थ्यांनी आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या घटनेबद्दल रोज १५ मिनिटं लिहायचं, सलग चार दिवस. लिहून झाल्या झाल्या त्यांना उदासच वाटलं. पण काय घडलं आणि काय वाटलं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा बेताचाच दिसला, सगळ्यांना झाला असंही नाही. मात्र ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येतं’ असे शब्द वाढत गेले, त्यांना तो जास्त झाला. म्हणजे लिहिताना रडू येणं वाईट नाही. दोन वर्षं एकाच वाक्यापाशी अडकून राहणं मात्र त्रासाचं. ते लिहिणं नसतं, रवंथ असतं. आणि तेही मध्यरात्री, एकटीनं!

आधी एक गोष्ट सरळ विचारली: जीव नकोसा होतो का, तसं कधी लिहिलंय का? त्या नाही म्हणाल्या. तुमच्या वहीत तशी ओळ असेल तर कृपा करून ती वहीतच ठेवू नका. घरातल्या कुणाला तरी सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मग ठरलं ते एवढंच. रात्रीची वही बंद. शाळेतून आल्यावर चहा घेऊन, मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावून, चारच दिवस लिहायचं. विषय ‘त्या दिवशी काय काय झालं’, घड्याळाच्या क्रमानं. घुसमट झाली तर पेन ठेवायचं आणि उठायचं. सासूबाई वाचतील ही धास्ती होती, म्हणून लिहिलेलं शाळेतल्या कपाटात ठेवायचं. ही धास्ती मला महत्त्वाची वाटते. कुणी वाचेल या भीतीनं माणूस वहीतसुद्धा खरं लिहीत नाही.

पुढच्या भेटीत त्यांनी चौथ्या दिवसाचं पान वाचलं. “साडेसातला आई म्हणाली, दोन दिवस त्याच साडीत आहेस, जा, अंघोळ करून ये. मी नको म्हटलं. ती रागावली. आईनंच पाठवलं मला.”

‘आईनंच’वर त्यांचं बोट थांबलं. “मॅडम, हे सात वह्यांत एकदाही नाही आलं.”

त्या खूप रडल्या. मी पाणी पुढे केलं आणि गप्प बसले.

झोप लगेच सुधारली नाही, दीडेक महिना गेला. दुःख तर आहेच, पुढच्या काही भेटी त्यासाठीच होत्या. आता त्या रविवारी सकाळी लिहितात. मध्यंतरी आईच्या हातच्या शेंगोळ्यांची कृती लिहायला बसल्या, कुळथाच्या पिठाचं प्रमाण आठवेना, म्हणून मावशीला फोन लावला. तासभर बोलल्या दोघी.