खर्जाला जवारी हवी

घरच्या घरी रेकॉर्डिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कॉलेजात असताना आमचा पाच जणांचा बँड होता. मी बेस गिटार वाजवायचो. आता गिटारवाला पुण्यात, गायिका बंगळुरूला आणि मी मिरजेत घरच्या दुकानावर. भूप रागात एक चाल बांधली आहे आणि ती बेसवरच वाजवायची, गाण्यातलं मुख्य वाद्य बेसच, असं ठरवलं आहे. चार तारांचा बेस, दोन इनपुटचा इंटरफेस (वाद्य लॅपटॉपला जोडणारी पेटी), लॅपटॉप आणि हेडफोन एवढंच सामान आहे. साथीची गिटार मीच वाजवली, तबला ॲपवरचा घेतला. हेडफोनवर ऐकताना अंगावर काटा येतो. तेच बहिणीला मोबाइलवर पाठवलं तर तिला फक्त गिटार आणि तबला ऐकू आला! बेसचा आवाज वाढवला तर सगळं गाणं घुमायला लागतं. मित्र म्हणतात, बेस हे साथीचंच वाद्य, नाद सोड. खरंच सोडू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : अजिबात सोडू नका. १९९९ साली उसन्या आणलेल्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर मी माझी पहिली चाल टेप केली होती, तीही बेसवर. आईने ओट्याजवळच्या छोट्या टेपवर ती कॅसेट लावली, पोळ्या लाटता लाटता पूर्ण ऐकली आणि विचारलं, "चाल कधी सुरू होणार?" चाल वाजून संपली होती. मला ते फार लागलं. रात्रभर मी आवाज वाढवत बसलो आणि तुमच्यासारखंच सगळं घुमायला लागलं. आवाज कमी पडतोय असं मी धरून चाललो होतो. ते चुकीचं होतं.

बेसची सर्वांत जाड तार, ई, मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. सर्वांत बारीक जी तारेची ९८. बहिणीच्या मोबाइलचा इवलासा स्पीकर दोन-तीनशेच्या खाली जवळजवळ मुका असतो. तुम्ही बेस दुप्पट केला तरी तो तिथे पोचत नाही. हेडफोनवर आणि मोठ्या स्पीकरवर मात्र तोच वाढवलेला तळ बाकी सगळ्याला गिळून टाकतो.

तुम्ही मिरजेत राहता, त्यामुळे ह्याचं उत्तर तुमच्या गल्लीतच मिळेल. तंबोरे बनवणाऱ्या एखाद्या दुकानात जाऊन पाच मिनिटं उभे राहा. काळी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, ६९ कंपनांच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या बेसच्या प्रांतातलाच. तरीही तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावा, खर्ज ऐकू येतो. कारण जवारी. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा बरोबर जागी बसला की त्या एका तारेतून वरचे स्वयंभू स्वर झरायला लागतात, आणि आपला कान त्या वरच्या स्वरांवरून खालचा सा स्वतः जोडून घेतो. स्पीकरने तो दिलेला नसतो, तरी आपण तो ऐकतो. दोरा सरकवून पाहायला सांगा. एका जागी तार बोथट बोलते, केसभर पुढे सरकवला की अचानक उजळते. तुमच्या बेसला नेमकं हेच हवं आहे. माझं सगळं उत्तर ह्या दोऱ्याभोवतीच आहे.

पहिली जवारी तारांचीच. तारा वर्षभर जुन्या असतील तर त्यांत वरचे स्वर उरलेले नसतात. नव्या राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारा लावा. आत्ता खर्च नको असेल तर जुन्या काढून पातेल्यात दहा मिनिटं उकळा, पुसून पूर्ण वाळवा आणि परत चढवा. घाम आणि मळ निघून जातो, काही दिवस झळाळी येते. आणि बोट ब्रिजच्या, म्हणजे बेसच्या घोडीच्या, जवळ आणून छेडा. फ्रेटबोर्डाजवळ छेडलेला स्वर गोल आणि मऊ येतो, साथीला तो छान, पण चाल त्यात बुडते.

दुसरी जवारी लॅपटॉपवरची. बेस थेट इंटरफेसमध्ये लावून स्वच्छ टेप करा, मग त्या ट्रॅकची नक्कल करा. नकलेला सॅच्युरेशनचा (आवाज जरा फाडून वरचे स्वर वाढवणारा) किंवा गिटार ॲम्पचा प्लगइन लावा आणि त्याच्यानंतर हाय-पास फिल्टर लावून २५० हर्ट्झच्या (सेकंदाला २५० कंपनांच्या) खालचं सगळं काढून टाका. ही नक्कल एकटी ऐकाल तर डब्यात माशी अडकल्यासारखी वाटेल. वाटू दे. मूळ ट्रॅक जागच्या जागी ठेवून ती शून्यापासून हळूहळू वर आणा, आणि हे करताना हेडफोन काढून मोबाइलवर ऐका. चाल दिसायला लागली की हात थांबवा. दोन्ही एकत्र वाजताना आवाज पोकळ झाला तर नकलेची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटी करून पाहा.

आता जागेचा प्रश्न. पीटर हुक हा जॉय डिव्हिजन ह्या इंग्लिश बँडचा बेसवादक. सरावाच्या वेळी गिटारच्या गदारोळात खालचे स्वर त्याला स्वतःलाच ऐकू येत नसत, म्हणून तो वरच्या स्वरांकडे गेला, असं त्यानेच सांगितलं आहे. त्या नाइलाजातून त्या बँडच्या चाली बेसवर आल्या. तुम्हीही वर या. सा पांढरी दोनवर (हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर) धरा, म्हणजे जी तारेचा सातवा फ्रेट. रे नवव्यावर, ग अकराव्यावर, प चौदाव्यावर, ध सोळाव्यावर आणि तार सा एकोणिसाव्यावर. सगळा भूप एका तारेवर बसतो. एकाच तारेवर वाजवण्याचा मोठा फायदा असा की स्वरांची जात बदलत नाही. एकाच गळ्यातून आल्यासारखे ते येतात, आणि ग वरून प कडे घसरत जाता येतं. फ्रेटच्या पायऱ्या त्या घसरणीत थोड्या ऐकू येतात, पण बोटाचा दाब मधे हलका केला की बऱ्याच पुसल्या जातात.

इतक्या वर वाजवायचं तर आधी बेस सुरात आहे का ते तपासा. मोकळी तार जुळली म्हणजे झालं असं नाही. बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर एकच यायला हवेत. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिजवरचं त्या तारेचं सॅडल (तार जिच्यावर टेकते ती सरकती घोडी) मागे घ्या, उतरा असेल तर पुढे. साथीत ही चूक खपून जाते. पण भूपातला ग जरासा चढा लागला तर मिरजेत कोणीही सांगेल.

आणि साथ. खरं सांगायचं तर तुमचं पत्र वाचून मला बेसपेक्षा साथीचीच काळजी जास्त वाटली. तुमची गिटार बहुधा पहिल्या तीन फ्रेटवरच्या मोकळ्या कॉर्डनी भरलेली असणार. त्या कॉर्डचे खालचे स्वर आणि तुमची चाल कंपनांच्या एकाच पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर पडतात. गिटारला पाचव्या-सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, वरच्या तीनच तारा वाजवा, आणि चाल बोलत असेल तिथे गिटारने गप्प राहावं. तबल्यातला डग्गा तर थेट बेसच्या गल्लीतच राहतो. मी असतो तर तबला काढून फक्त टाळ आणि चिपळ्या ठेवल्या असत्या, आणि तळाला तंबोरा. जॅको पास्टोरियस ह्या अमेरिकन बेसवादकाच्या १९७६च्या पहिल्या अल्बमची सुरुवात ऐका. बिनफ्रेटच्या बेसवर जॅझमधल्या बिबॉप शैलीची एक अवघड चाल आणि साथीला फक्त काँगा (हाताने वाजवायचे उभे ढोल). बाकी कोणी नाही, म्हणून बेसचा प्रत्येक स्वर समोर उभा राहतो. आपल्याकडची मोहिनी डे ऐका. मुंबईची ही मुलगी बेस अशी वाजवते की तिच्यापुढे साथीचं वाद्य हा शब्दच सुचत नाही.

शेवटचं, आणि मला सगळ्यांत जवळचं. वाजवण्याआधी चाल गाऊन टेप करा. गळा कसाही असो. मग ते गाणं कानात ठेवून बेस वाजवा आणि जिथे तुम्ही श्वास घेतला तिथे बेसनेही घ्यावा. बेसवाल्यांचा हात जागा भरायला शिकलेला असतो, माझाही होता. चाल वाजवताना तो आवरावा लागतो. बेस झाला की गायलेला ट्रॅक बंद करा, पण पुसू नका, पुढच्या वेळी लागेल.

प्रश्न : बेसवर सोलो वाजवण्यासाठी सहा तारांचा बेस घ्यावा की बिनफ्रेटचा? बजेट फार नाही.
— एक वाचक, वसई

उत्तर : आत्ता दोन्ही नको. आहे त्या चार तारांच्या बेसवर ई-ए-डी-जी ऐवजी ए-डी-जी-सी अशा तारा चढवा. सहा तारांच्या संचातल्या वरच्या चार घेतल्या की झालं. वरची सी तार १३१ कंपनांची, म्हणजे गाणाऱ्या पुरुषाच्या गळ्याच्या आवाक्यातली. तारा बारीक झाल्याने बेसच्या मानेवरचा ताण बदलतो, तेव्हा ट्रस रॉड (मानेच्या आतला दांडा) एकदा तपासून घ्या. सहा महिने ह्यावर चाली वाजवा. तेवढ्यात तुम्हाला कळेल की तुमचं मन मींडेवर (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यावर) अडतंय की आणखी स्वरांवर. मींडेवर अडत असेल तर बिनफ्रेटचा घ्या, पण घरी पक्कड घेऊन फ्रेट उपटू नका. माझ्या एका बेसच्या फ्रेटबोर्डाचे टवके असेच उडाले, तो पुन्हा कधी नीट वाजला नाही.

प्रश्न : बेस इंटरफेसला लावला की सतत 'हूंऽऽ' असा आवाज येतो. मिक्सिंगमध्ये काढता येईल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : काढायला जाल तर चालीचे स्वरही कापले जातील. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसचा खालचा जी, म्हणजे ई तारेचा तिसरा फ्रेट, ४९चा. त्या गुणगुणीचे वरचे स्वर १०० आणि १५०वर येतात, आणि तिथे तुमची मोकळी जी तार आणि तिच्यावरचा सातवा फ्रेट बसलेले आहेत. म्हणून ती मुळातच थांबवायला हवी.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून पाहा, बऱ्याच घरांत एवढ्यानेच काम होतं. मग खुर्चीत बसल्या बसल्या बेस घेऊन हळूहळू गोल फिरा. एका दिशेला गुणगुण अगदी कमी होते, ती जागा खडूने जमिनीवर आखून ठेवा आणि तिथेच बसून टेप करा. जॅझ बेस पद्धतीचे दोन पिकअप (तारांची कंपनं टिपणारे भाग) असतील तर दोन्हींचे आवाज पूर्ण उघडे ठेवा, ते एकमेकांची गुणगुण मारतात. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर बेसच्या आतल्या शील्डिंगकडे (बाहेरची गुणगुण अडवणाऱ्या धातूच्या अस्तराकडे) आणि घराच्या अर्थिंगकडे संशय जातो. शील्डिंग गिटार दुरुस्त करणारा करून देईल. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनला बोलावून त्याच आठवड्यात तपासून घ्या. तारा धातूच्या आहेत आणि तुमचे हात दिवसभर त्यांच्यावर असतात.