उत्तर : "गाईड म्हणतात काम सुरू करा, कागद मागाहून येतील"

तुमच्या पोस्टमधलं हे एक वाक्य मी दोनदा वाचलं: "पलीकडच्या संस्थेची एथिक्सची मंजुरी येईलच, तोवर फॉर्म भरून घ्यायला लागा, असं गाईड म्हणतात." एथिक्सची मंजुरी म्हणजे माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी. ती येईपर्यंत एकही फॉर्म भरू नका, संमतिपत्र असो की प्रश्नावली. बाकीचं वाचा किंवा वाचू नका, एवढं मात्र ऐका.

तुम्ही प्राणिशास्त्रातले, म्हणजे गोचिडी तुमच्या. मेडिकल कॉलेजचा कम्युनिटी मेडिसिन विभाग सोबत, म्हणजे माणसं त्यांची. विषय गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला माकडताप, म्हणजे गोचिडी चावून माणसांना होणारा ताप. आमची जोडी अगदी हीच होती, फक्त आमचे भागीदार गोव्याबाहेरचे. त्यांचं नाव घेणार नाही. प्रोटोकॉल, सॅम्पल साइज, प्रश्नावली हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आमचा हंगाम २०१९ चा. आमच्या विद्यापीठाच्या समितीची मंजुरी हातात होती. भागीदार संस्थेच्या समितीकडे अर्ज गेलेला, आवक क्रमांकही मिळालेला, पण बैठक काही लागेना. आधी कोरम होत नाही म्हणाले, मग सचिव रजेवर, मग मार्चअखेर. इकडे काजू गळायला लागलेले. माकडतापाचं काम पुढे ढकलता येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. गोचिडीची पिल्लं मुख्यतः पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत मिळतात आणि माणसंही त्याच दिवसांत काजूचे बोंडू वेचायला रानात असतात. जूनमध्ये जाऊन काय, बेडूक मोजणार?

म्हणून मी त्या कार्यालयात फोन केला. उत्तर आलं, "तुमच्याकडची मंजुरी आहे ना? मग करा सुरू. आमची नुसती फॉर्मॅलिटी आहे." मी त्या "करा सुरू"वर विसंबलो. साधा मेल टाकून ते लिहून घेतलं नाही. घेतलं असतं तरी उपयोग शून्य, कारण मंजुरी समिती देते, फोन उचलणारा नाही. फॉर्म भरणारे आणि रक्त घेणारे लोक त्यांचे होते, म्हणजे त्यांच्या समितीची मंजुरी हवीच होती. हे मला कळत नव्हतं असं नाही, पण हंगाम दिसत होता.

दोनशेच्या आसपास फॉर्म झाले. एका आजीने बोंडू वेचता वेचता हात लुगड्याला पुसून अंगठा दिला. शाईच्या ठशाशेजारी रसाचा डाग पडला, दुसऱ्या दिवशी तो तपकिरी झाला होता. रक्त दिल्यावर तिने विचारलं, "रिपोर्ट केन्ना मेळटलो रे पुता?" (कधी मिळणार रे बाळा?)

जूनमध्ये समिती बसली. पहिला प्रश्न : काम सुरू झालंय का? मी खरं ते सांगितलं. मागच्या तारखेने मंजुरी देता येत नाही, तोवर जमवलेलं काहीही वापरायचं नाही, असा निर्णय झाला. समितीचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. "फॉर्मॅलिटी" म्हणणाऱ्या कार्यालयाने मात्र असा फोन झाल्याचं आठवत नाही म्हणून हात वर केले. संमतिपत्रांवरच्या तारखा बदला, असं सुचवणारेही भेटले. तो रस्ता धरू नका.

पुढच्या हंगामाला करू म्हटलं, तर २०२० च्या मार्चअखेर लॉकडाऊन. २०२१ ला एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट. वापरता येईल असा पहिला फॉर्म भरला २०२२ मध्ये. एका फोनपायी तीन हंगाम. यात कोविडचा दोष मोठा, मान्य. पण २०१९ चा हंगाम मी माझ्या हाताने घालवला.

मग करायचं काय? (मी कधी समितीवर नव्हतो, वकील तर नाहीच. नियमांची आजची स्थिती स्वतः तपासा.) आयसीएमआरच्या (देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनेक केंद्रांच्या, कमी जोखमीच्या अभ्यासासाठी एकाच समितीने सामाईक छाननी करण्याची सोय आहे. ती आपोआप लागू होत नाही, दोन्ही समित्यांनी आधी लेखी मान्य करावी लागते. दोन्ही समित्यांची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे का तेही विचारा, नवी औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनंतर ते लागतं. अर्ज गणपतीच्या आधी टाका, म्हणजे काजूपर्यंत निदान दोन बैठका मिळतील. कोणी परदेशी विद्यापीठ सोबत असेल तर दिल्लीच्या, आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा फेरा वेगळा, त्याला वर्षच धरा.

लेखकांच्या नावांबद्दल माझं मत जरा कडक आहे, पटलं नाही तर सोडा. पहिलं नाव कोणाचं, शेवटचं कोणाचं, मूळ डेटा कोणाच्या कपाटात राहणार आणि संस्था सोडून गेलेल्याला तो वापरता येणार का, हे करारावर सह्या होतानाच लिहा. नंतर लिहायला बसलात की सगळे एकमेकांना "सर, तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात आणि मनात वेगळंच धरून बसतात. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, हे मला मान्य नाही. लेखक कोणाला म्हणायचं याचे आयसीएमजेईचे (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) चार निकष छापून टेबलावर ठेवा आणि बोट त्या कागदाकडे दाखवा, माणसाकडे नको.

दोन किरकोळ गोष्टी. संमतिपत्र नुसतं इंग्रजी-मराठीत करू नका. सत्तरीत मराठी वाचणारे पुष्कळ आहेत, पण समजावून सांगताना कोंकणीच लागते, आणि बागायतीत कामाला आलेल्या मजुरांसाठी कन्नड. आमचं पहिलं मराठी भाषांतर इतकं सरकारी होतं की मलाच दोनदा वाचावं लागलं. दुसरं, पांढरं फडकं ओढून गोचिडी गोळा करताना म्हादई अभयारण्याच्या हद्दीत शिरणार असाल तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. एथिक्सचा कागद तिथे चालत नाही, आणि रानात हद्दीची रेघ आखलेली नसते. नकाशा सोबत ठेवा.

गाईडना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, माझं नाव पुढे केलंत तरी चालेल. गोचिडी ओळखताना अडलात तर इथे फोटो टाका, पण पाठीचा आणि पोटाचा, दोन्ही बाजूंचा.