खोल्या किती, ते वाड्याला विचारा

प्रश्न : ताई, कसबा पेठेत आमचा दोन चौकी वाडा आहे, सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला. शेवटचं बिऱ्हाड चार वर्षांपूर्वी गेलं. आता आम्ही दोघं आणि धाकटे दीर, एवढेच राहतो. गेल्या दिवाळीत अहमदाबादला भाचीकडे गेलो होतो. तिने सिदी सैयदच्या जाळीसमोरच्या हवेलीतल्या हॉटेलात जेवायला नेलं आणि तेव्हापासून माझ्या मनाने तेच घेतलंय. इकडे एक हॉटेलवाले विचारायला येऊन गेले. त्यांना १६ खोल्या हव्यात, प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम, पुढच्या चौकावर काचेचं छत, आणि ओल आलेल्या भिंतींना नवा सिमेंटचा गिलावा. भावजी म्हणतात, बिल्डरला देऊन मोकळे होऊ. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : १६ हा आकडा कुठून आला, ते आधी त्यांना विचारा. माझ्या अनुभवात असा आकडा कर्जाच्या हप्त्यावरून येतो. वाडा न मोजताच तो ठरलेला असतो.

वाड्याचं माप फुटात नसतं, खणात असतं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच फुटांचा. पलंग, कपाट आणि न्हाणीघर नीट बसवायचं तर लांबीत निदान चार खण लागतात. एक खडू घ्या, माडीवर जा आणि खांबाखांबावर आकडे घालत चला. देवघर, जिने, जाण्यायेण्याची पडवी सोडून जे उरेल त्याला चाराने भागा. दोन चौकी वाड्यात १६ येतील असं मला वाटत नाही. सात-आठ आले तरी नाराज होऊ नका. केंद्राच्या पर्यटन खात्याच्या हेरिटेज हॉटेलाच्या वर्गवारीत वास्तू १९५० पूर्वीची आणि खोल्या किमान पाच, एवढ्यावरही जागा मिळते.

तुम्ही जेवून आलात ती हवेली मंगळदास गिरधरदास या कापड-गिरणीवाल्या शेठजींनी १९२४ मध्ये बांधली, आणि तिचं हॉटेल त्यांच्याच घराण्याने केलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. घरच्या माणसाला ठाऊक असतं की अमुक कोपऱ्यात पावसाळ्यात भिंत गार लागते. तुम्ही वर गच्चीवर जेवलात ना? त्या जागेचं नाव ‘अगाशिये’. आपल्याकडेही जुन्या माणसांच्या तोंडी अगाशी हा शब्द होताच. तिथे गच्चीची गच्चीच राहिली, हे तुमच्या हॉटेलवाल्यांना जरूर सांगा.

आता पाणी. वाड्याला खरा धोका पाण्याचा, आणि ते वरून पडणाऱ्या पावसापेक्षा आत फिरवलेल्या नळांचं जास्त. वरच्या मजल्याची जमीन कडीपाटाची असते : सागवानी कड्या, त्यांवर फळ्या, वर मातीचा थर. ती माणसं, बैठका, धान्याच्या कणग्या पेलते. पण बाथरूमसाठी तिथे पाच बाय सातचा चौकोन आठ इंच भरावाने भरला, तर एक टनाहून जास्त वजन त्या कड्यांवर कायमचं बसतं. वर फरशी, हौद, गीझर वेगळेच. आणि खालून ओल लागली की कळायला दोन वर्षं जातात.

हे मी एकदा माझ्या हाताने घडू दिलं आहे. सुरुवातीच्या काळात एका वाड्याच्या कामात मालक अडून बसले म्हणून माजघराच्या बरोबर वर एक बाथरूम मी मान्य केलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बोलावणं आलं : छताला डाग पडलाय, रंग मारून देता का? शिडीवर चढून तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, पेचकस टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून तेलपाणी केलेलं लाकूड चकचकीत होतं आणि आत ओल्या भुशासारखा चुरा. त्या तुळईचा दीड हात तुकडा कापून नवा सांधावा लागला. तेव्हापासून न्हाणीघर-संडास लाकडी जमिनीवर घेऊ देत नाही. परसाच्या बाजूला, वाड्याच्या भिंतीला भार न देता, एकावर एक चढवलेला स्वतंत्र उभा भाग बांधायचा, त्याचे सगळे नळ उघड्यावर, हाताला येतील असे, आणि खोल्यांतून तिथे दार. त्यामुळे खोल्या कमी होतात. होऊ द्या.

सिमेंटच्या गिलाव्याला सरळ नकार द्या. तुमच्या भिंती विटांच्या, मातीत आणि चुन्यात रचलेल्या. त्या जमिनीतली ओल थोडी थोडी ओढतात आणि चुन्यातून बाहेर सोडतात. सिमेंटने तोंड बांधलं की ओल वर चढत जाते, कमरेएवढी, मग डोक्याएवढी, आणि लोणा (ओलीबरोबर वर येणारे क्षार) धरून गिलाव्याचे पोपडे सुटतात. हॉटेलवाल्यांना ते वाड्याचं म्हातारपण वाटेल. असतं सिमेंटचं काम. चुना आधी विरवून, भिजत मुरवून, चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, सुरखीबरोबर (विटांच्या भुकटीबरोबर) मळून घ्यायचा. त्यात गूळ-हिरड्याचं पाणी घालणारे जाणकार गवंडी अजून मिळतात. वेळ लागतो, तेव्हा करारात तो धरा.

चौकावर काच नको. मार्च ते मे वाडा राहण्याजोगा असतो तो चौकामुळेच. तापलेली हवा त्यातून वर निघून जाते. काच टाकली की पुढचा चौक दुपारी भट्टी होतो, मग वातानुकूलन, मग त्याचं पाणी कुठे तरी भिंतीवर. पावसासाठी पागोळ्यांचे पन्हाळ दुरुस्त करा आणि चौकातल्या मोरीचा उतार तपासा, पुरे.

सर्वात गंभीर मुद्दा आगीचा, आणि यावर तडजोड करू नये. शनिवारवाड्याच्या आतलं सगळं लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेलं. आज आपण जोती आणि कोट पाहतो. तुमचा जिना भिंतीच्या जाडीतून चढणारा, एका वेळी एक माणूस जाईल असा असणार. घरच्यांचं त्यावर भागतं. परक्या पाहुण्याला अंधारात, धुरात दुसरी वाट हवीच. मागच्या बाजूला दुसरा जिना, विजेच्या सगळ्या तारा धातूच्या नळ्यांतून, लाकडाला न चिकटता, आणि अग्निशमन विभागाचा दाखला हाती आल्याशिवाय एकही पाहुणा नाही.

कागदांचं थोडक्यात. मिळकत पत्रिकेवर कोणाकोणाची नावं आहेत ते पाहा, वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत ते विचारा. विकू नका. नोंदणीकृत भाडेपट्टा करा आणि त्यात काय करायचं याच्याबरोबरीने काय करायचं नाही तेही लिहा, कधीही येऊन पाहण्याच्या तुमच्या हक्कासकट.

भावजींवर रागावू नका. गळक्या कौलाखाली पावसाळे काढलेल्या माणसाचा जीव खरंच थकलेला असतो. त्यांच्याच हाती खडू द्या. आणि येत्या आषाढात, एखाद्या झडीच्या दिवशी, दोघं माडीवर जाऊन प्रत्येक तुळईचं भिंतीतलं टोक हाताने चाचपून या. कुठलं ओलं लागलं ते खणाच्या आकड्यासकट लिहून ठेवा. ती यादी मला पाठवा, मग हॉटेलवाल्यांना काय उत्तर द्यायचं ते बोलू.