कोमल धैवत, एफ मायनर आणि फ्लॅट नाइन

(या वेळी कॉर्डविषयीचे तीन प्रश्न. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन किंवा अधिक सूर. सोयीसाठी सगळीकडे सा म्हणजे पांढरी एक, अर्थात सी, धरला आहे; मग एफ म्हणजे म आणि जी म्हणजे प. गायिकेची पट्टी काळी चार असेल, तर कीबोर्डवर ट्रान्सपोज उणे ४ करून हीच बोटं वापरता येतील.)

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवात मी भावगीतांना कीबोर्डची साथ करते. मुखड्याच्या शेवटी गायिका षड्जावर थांबते, तिथे एफ मेजरनंतर एफ मायनर घेऊन सी मेजरवर आले, तर फार गोड लागलं. अंतऱ्यात तोच एफ मायनर घेतला, तर सूर टोचला. असं का? (वाचक, नेरुळ)

उत्तर : एफ मेजरमध्ये म, ध, सा आहेत आणि एफ मायनरमध्ये म, कोमल ध, सा. फरक एका धैवताचा आहे आणि सगळी जादू त्याच धैवताची आहे. मुखड्यात गायिका षड्जावर स्थिर आहे. हा षड्ज एफ मेजर, एफ मायनर आणि सी मेजर या तिन्ही कॉर्डमध्ये असल्यामुळे तिला कुठेच धक्का लागत नाही. तिच्याखाली मात्र शुद्ध ध, कोमल ध, प अशी उतरंड तयार होते. कानाला गोड लागली ती ही उतरंड.

अंतऱ्यात चाल बहुधा शुद्ध धैवतावरून जात असेल. गळ्यात शुद्ध ध आणि हातात कोमल ध, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्यासारखं होतं. तिथे एफ मेजरच ठेवा. चालीत शुद्ध ध नसेल, पण साथीचा हार्मोनियमवाला भरणा करताना तो घेत असेल, तरीही हेच होईल. तालमीत त्याला आधी सांगून ठेवा.

बोटं अशी ठेवा : उजव्या हातात ध-सा-म, मग कोमल ध-सा-म, मग प-सा-ग. मधलं बोट सा वरून हलवायचं नाही. डाव्या हातात म, म आणि शेवटी सा. केरव्याच्या एका आवर्तनात पहिल्या ४ मात्रा एफ मेजर, पुढच्या ४ एफ मायनर आणि समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सी मेजर. कोमल ध सगळ्यात वरच्या बोटाला देऊ नका. वरचा सूर ऐकणाऱ्याला चालीसारखा वाटतो आणि गायिकाही नकळत तिकडे ओढली जाते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा सा-प वर लावला असेल, तर त्याचा पंचम या कोमल धैवताला घासतो. अशा गाण्यापुरता तानपुऱ्याचा आवाज अगदी कमी करा.

प्रश्न : गिटारवर जी सेव्हनऐवजी जी सेव्हन फ्लॅट नाइन वाजवतो. एकट्याने वाजवताना भारदस्त वाटतो, ग्रुपमध्ये मात्र चुकल्यासारखा. (वाचक, चरई, ठाणे)

उत्तर : या कॉर्डचे सूर प, नि, रे, म आणि कोमल ध. यातला कोमल ध म्हणजेच फ्लॅट नाइन. गंमत अशी की वरच्या एफ मायनरमधला कोमल ध तो हाच. पंचमापासून तो (काळ्या-पांढऱ्या मिळून) १३ पट्ट्या वर हवा. कीबोर्डवाल्याने मधल्या सप्तकात त्याला चिकटून प वाजवला की हे अंतर एका पट्टीचं होतं आणि कॉर्ड बिघडल्यासारखा वाटतो. त्याला प फक्त खर्जात ठेवायला सांगा.

गिटारवर सहाव्या तारेपासून फ्रेट ३, पाचवी तार मुकी, मग चौथीपासून पहिलीपर्यंत ३, ४, ३, ४. पाचवी तार चुकून तिसऱ्या फ्रेटवर वाजली, तर सा निघतो आणि तो निषादाला भिडतो. सहाव्या तारेवरच्या बोटाचं टोक हलकेच पाचवीला टेकवा. ग्रुपमध्ये बेस गिटार असेल, तर सहावी तार सोडूनच द्या. उरलेल्या चार तारांचा हा आकार तीन फ्रेट वर सरकवला, तरी सूर तेच राहतात, फक्त जागा बदलतात.

पुढच्या सी मेजरवर येताना कोमल ध पंचमावर, म गंधारावर आणि नि षड्जावर उतरलाच पाहिजे. हे न करता हात दुसऱ्याच जागी उडवला, तर ताण तसाच लोंबकळत राहतो. गायक कुठल्या सुरावर थांबला आहे, तेही बघा. रे, म किंवा नि असेल, तर फ्लॅट नाइन खुलतो. सा असेल, तर कॉर्डमधला नि त्याला टोचेल; तिथे एफ मायनर घ्या. आणि शुद्ध ध असेल, तर दोन्ही नकोत.

प्रश्न : रागावर आधारित गाण्यात एफ मायनर आणि जी सेव्हन फ्लॅट नाइन हे कॉर्ड चालतील का? (वाचक, ऐरोली)

उत्तर : नटभैरवात नक्की. त्यात शुद्ध रे, कोमल ध आणि शुद्ध नि असल्याने दोन्ही कॉर्ड रागाच्या सुरांतच बसतात. चारुकेशीत निषाद कोमल आहे. तिथे एफ मायनर घ्या, पण जी सेव्हनऐवजी जी मायनर लागेल. भैरवात मात्र आमचा आग्रह कॉर्ड न घेण्याचा आहे. तिथला रे कोमल असल्याने जी सेव्हनमधला शुद्ध रे बाहेरचा ठरतो. शिवाय भैरवाचे रे आणि ध आंदोलित, म्हणजे हलकेच झुलवत लावायचे, आहेत. कीबोर्डची पट्टी धैवताला एका जागी खिळवून ठेवते आणि गाणाऱ्याचं आंदोलन झाकून टाकते. डाव्या हाताने म आणि सा एवढेच सूर धरले, तरी तिथे पुरेसा आधार मिळतो.