गोटे उगवणारं वावर

प्रश्न : ताई, माझी मुलगी नागपुरात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिच्या पुस्तकात आहे की अमेरिकेच्या इंग्रज वसाहतींत उत्तरेला छोटी शेती राहिली आणि दक्षिणेला मोठाले मळे झाले. माणसं एकाच देशातून गेलेली, मग असं का झालं? – एक संत्रा बागायतदार, काटोल

उत्तर : भाऊ, कलम लावायच्या आधी खड्डा खोदून मुरूम किती खोल आहे, पाणी निचरतं की नाही, हे तुम्ही बघताच. त्या इंग्रजांनी हिशेब केला अक्षांशाचा. उत्तरेकडचं बोस्टन जवळपास रोमच्या अक्षांशावर, म्हणजे हवाही तशीच उबदार असणार, असा समज होता. प्रत्यक्षात मिळाला कडक हिवाळा आणि पिकाला जेमतेम पाच महिने.

शिवाय जमीन हिमनद्यांनी टाकलेल्या दगडगोट्यांची. जंगल तोडल्यावर मातीवरचं पांघरूण गेलं आणि थंडीत जमीन आणखी खोलवर गोठू लागली. गोट्याखालचं पाणी गोठलं की फुगतं आणि गोटा वर उचलतं. बर्फ वितळताना खालच्या पोकळीत माती सरकते, म्हणून तो परत खाली बसत नाही. दर वसंतात वावरात नवे गोटे! ते बैलांनी ओढून धुऱ्यावर रचायचे. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे या उत्तर भागाच्या, दगडी भिंती अशाच उभ्या राहिल्या. अशा रानात घरच्यापुरता मका, भाजीपाला, गुरं एवढंच जमे. बाकी पोट मासेमारी आणि लाकडावर. तिथला मकाही मूळ रहिवाशांनीच शिकवलेला. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढवायचा आणि खाली भोपळा पसरू द्यायचा, ही त्यांची पद्धत. आपल्याकडे पऱ्हाटीत तुरीच्या ओळी घेतात, त्याच जातीचं शहाणपण.

दक्षिणेकडच्या व्हर्जिनियात १६०७ साली जेम्सटाउन वसलं ते भर दुष्काळात. जुन्या झाडांच्या खोडातल्या वलयांवरून कळतं की १६०६ ते १६१२ हा काळ तिथे फार कोरडा होता. पण हवा उबदार, हंगाम लांब आणि जहाज थेट मळ्यापर्यंत आणणाऱ्या रुंद नद्या. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फ नावाच्या वसाहतीतल्या इंग्रजाने तिथे वेस्ट इंडिजचा तंबाखू लावून पाहिला आणि त्यालाच भाव मिळाला.

मी आयुष्यभर मृदाशास्त्र शिकवलं, म्हणून पुढचं मुलीला नीट सांगा. तंबाखू नत्र आणि पालाश फार खातो. तीन-चार पिकांत जमीन थकायची, मग ती वीसेक वर्षं पडीक टाकून नवं जंगल तोडायचं. म्हणून प्रत्येकाला गरजेच्या कितीतरी पट जमीन हवी, आणि ती मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली. राबायला माणसं हवीत, म्हणून आधी करारावर आणलेले गरीब इंग्रज. १६१९ पासून आफ्रिकी माणसंही आणली गेली आणि पुढे गुलामगिरी कायद्यात बसवली गेली. आणखी दक्षिणेच्या कॅरोलिना वसाहतीच्या दलदलीत भात पिकला, त्यातही पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं भातशेतीचं ज्ञान होतं.

‘मातीमुळे गुलामगिरी आली’ असं मात्र तिने उत्तरपत्रिकेत लिहू नये. मातीने पीक ठरवलं. माणसांना साखळ्या घालायचं मळेवाल्यांनी आणि कायदे करणाऱ्यांनी ठरवलं.